एसी, पोपट आणि कारवी : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखाखाली 'डोंगरवेडा, ठाणे' या सहीने आलेली प्रतिक्रिया तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी वाचली असणार, कारण तिला माझ्या लेखापेक्षा जास्त लाइक मिळालेत. उत्तर तिथेच खाली द्यायला बसलो होतो, पण ते वाढत गेलं. म्हणून इथे वेगळं टाकतोय.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेख होता, हवामान बदललं तर डोंगरावरच्या वनस्पती कुठे सरकतील, कुठून नाहीशा होतील, याचा अंदाज संगणकावर कसा बांधतात यावर. आल्प्सची उदाहरणं होती, सिक्कीमचं होतं आणि शेवटी मी स्वतः केलेला सह्याद्रीतल्या कारवी या झुडपाचा एक कच्चा नकाशा होता. ('कच्चा' हा शब्द नकाशाच्या डोक्यावरच छापला होता.) त्यावर हे गृहस्थ लिहितात :

"मुंबईत एसीत बसून 2070 सालच्या कारवीचं भविष्य सांगणारे तुम्ही स्टेशनबाहेरचे पोपटवाले ज्योतिषी. डोंगर चढून बघा, मग लिहा. भारतातल्या जंगलांबद्दल 2006 साली तुमच्या मॉडेलवाल्यांनी 77 टक्के भाग बदलणार म्हणून सांगितलं, 2011 साली तेच 39 टक्के झालं. पाच वर्षांत निम्मं जंगल वाचलं का? तुमच्या नोंदी सगळ्या ट्रेकच्या वाटेवरच्या. वणवे, गुरं, धुकं यांचा पत्ता नाही. आणि नकाशातले रंग मोबाइलवर ओळखू येत नाहीत."

रंगांचं अगदी मान्य. तपकिरी आणि नारिंगी शेजारी शेजारी ठेवायला नको होते. बदललेत, आता बघा. सूचनेबद्दल मनापासून आभार.

आता एसी.

साहेब, माझ्या घरात एसी नाही. भांडुपला दुसऱ्या मजल्यावर राहतो, पंखा आहे, तोही रेग्युलेटर बिघडल्यामुळे एकाच वेगात फिरतो. तीस वर्षांहून जास्त काळ कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, तिथेही स्टाफरूमला एसी नव्हता. आणि ठाण्याचा माणूस भांडुपच्या माणसाला 'मुंबईत बसून' म्हणतो याचं मला खरंच नवल वाटतं. मधे मुलुंड आहे फक्त. येऊरचा डोंगर तुम्हाला पूर्वेकडून दिसतो तसाच मलाही दिसतो.

'डोंगर चढून बघा' हे तर जास्तच लागलं. माझं आजोळ अकोले तालुक्यातलं, राजूरच्या पुढे. आजोबांच्या घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या होत्या, वरून शेणामातीचा गिलावा. कारवी मला ट्रेकिंगचे बूट घेतल्यावर भेटली नाही. ती फुलते सात-आठ वर्षांतून एकदा, आख्खा उतार जांभळा करून टाकते आणि मग मरते, हे मला आजीने सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात वाळलेली बोंडं तडतड फुटायला लागली की रान आपोआप वाजतं, तेही तिनेच ऐकवलं. पहाटेच्या कसारा लोकलने जाऊन बारी गावातून कळसूबाई मी किती वेळा चढलोय ते मोजत बसलो नाही, आणि मोजलं असतं तरी तुम्हाला हिशेब द्यायला मी बांधील नाही.

असो. पोपटवाल्याकडे वळू, कारण खरा आक्षेप तिथेच आहे असं तुम्हाला वाटतंय.

पोपट पाकीट उचलतो. कुठलं का, हे पोपटालाही ठाऊक नसतं. मी वापरलेली पद्धत, मॅक्सेंट, 2006 साली फिलिप्स, अँडरसन आणि शपायर यांनी मांडली आणि तिचं आख्खं गणित कुणालाही तपासता येतं. वनस्पती जिथे जिथे सापडली त्या जागा घ्यायच्या, तिथलं तापमान, पाऊस, कोरडे महिने बघायचे आणि आसपासच्या सगळ्या प्रदेशात तशी हवा आणखी कुठे कुठे आहे ते काढायचं. मग विचारायचं की तापमान इतकं वाढलं, पाऊस असा बदलला, तर हीच हवा कुठे सापडेल? 'तर' हा शब्द काढून टाकला की त्याचं भविष्य होतं. माझ्या लेखात तो शब्द प्रत्येक वाक्यात होता. तुम्ही वाचताना गाळला, याला मी काय करू?

लोकलचं वेळापत्रक असतं म्हणून 'आज गाडी सात मिनिटं लेट' असं म्हणता येतं. मॉडेल हे तसं आहे. चुकलं तर किती चुकलं आणि कुठे चुकलं हे बोट ठेवून दाखवता येतं, आणि पुढचं मॉडेल त्या बोटावरून सुरू होतं.

'डोंगराला तुमची मॉडेलं माहीत नाहीत' असंही तुम्ही दुसऱ्या एकाच्या कॉमेंटखाली लिहिलंय. नसतील. पण डोंगर मॉडेलशिवायही हलतोय त्याचं काय? जोसेफ हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1849-50 साली सिक्कीम हिमालयात कुठली वनस्पती किती उंचीवर मिळाली हे लिहून ठेवलं. 2007 ते 2010 मध्ये संशोधक त्याच भागात पुन्हा गेले. फक्त त्याच प्रदेशात वाढणाऱ्या 124 जातींपैकी 87 टक्के जाती वर सरकलेल्या सापडल्या, सरासरी दशकाला साधारण 27 मीटर. हे संगणकाने काढलेलं नाही. माणसं चढून गेली होती, तुम्हाला हवी तशी.

आणि चढून गेलं की सगळं खरंच सापडतं हाही एक गोड गैरसमज. हम्बोल्ट हा जर्मन निसर्गअभ्यासक 1802 साली एक्वाडोरच्या चिंबोराझो पर्वतावर गेला, त्याच्या नोंदींशी तुलना करून 2015 साली जाहीर झालं की तिथली वनस्पती पाचशे मीटरहून जास्त वर गेली. 2019 साली दुसऱ्या अभ्यासकांनी हम्बोल्टची कागदपत्रं नीट लावली, तर त्याच्या उंचावरच्या बहुतेक नोंदी चिंबोराझोच्या नव्हत्याच, अँटिसाना या दुसऱ्याच पर्वताच्या होत्या. सरकण्याचा आकडा साधारण निम्म्यावर आला, 215 ते 266 मीटर. पर्वत खरा, चढणारा जगातला थोर निसर्गअभ्यासक, तरी घोळ झालाच. तुमचे कॉमेंटमधले 'मी स्वतः पाहिलंय' हे तीन शब्द त्याहून वजनदार आहेत का?

या पद्धतीची दुखणी मला तुमच्यापेक्षा थोडी जास्त माहीत आहेत, कारण तिच्याशी रोज भांडतो. हवामानाचे तयार नकाशे साधारण एक किलोमीटरच्या चौकटीत मिळतात. दख्खनच्या पठारावर एक किलोमीटर म्हणजे काहीच नाही. कोकणकड्यावर मात्र एकाच चौकटीत पाच-सातशे मीटरचा उतार मावतो. हजार मीटर चढलं की तापमान साडेसहा अंशांनी उतरतं असं धरलं तर त्या एका चौकटीत वरच्या आणि खालच्या टोकात चार अंशांचा फरक, आणि नकाशा मला एकच आकडा देतो. ऑक्टोबरात दुपारी कड्याच्या माथ्यावर कातळाला हात लावा, चटका बसतो. हातभर अंतरावरच्या भेगेत बोट घाला, माती अजून ओली, गार, शेवाळ हिरवंगार. झाड त्या भेगेत राहतं, चौकटीत नाही. आल्प्समध्ये कोर्नर आणि शेरर यांनी हेच मोजून दाखवलं : एकाच उतारावर, एकाच हवेत, जागोजागी इतका फरक असतो की काही वनस्पतींना शिखर गाठायची गरजच नाही, शेजारच्या सावलीत सरकलं तरी पुरतं.

कारवीचं दुखणं याहून वेगळं. माझा नकाशा सांगतो, योग्य हवा वरच्या अंगाला जाईल. पण कारवी तिथे जाईल कशी? फुलते सात-आठ वर्षांनी, बोंड फुटून बी उडतं ते काही मीटर. आजपासून 2070पर्यंत तिला बी टाकायच्या जेमतेम सहा संधी. आणि कळसूबाईच्या 1646 मीटरनंतर महाराष्ट्रात डोंगरच संपतो, वर आभाळ. म्हणून आल्प्ससाठी डुलिंगर आणि सहकाऱ्यांनी 2012 साली केलं तसं करावं लागतं. त्यांनी 150 जातींच्या मॉडेलमध्ये हवेबरोबर बियांचा प्रवास आणि जन्ममृत्यूही घातले. शतकाअखेर सरासरी 44 ते 50 टक्के जागा जाते असं आलं. शिवाय जी झाडं जागेवर टिकलेली दिसतील, त्यातली बरीच केवळ जुनी म्हणून टिकलेली असतील, त्यांची हवा तिथून केव्हाच गेलेली असेल. हिरवा उतार बघून 'बघा, कारवी आहे की' म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. नाव घेत नाही.

77 आणि 39 टक्क्यांबद्दल. आकडे तुम्ही बरोबर दिलेत, अर्थ नाही. 2006चा अभ्यास बायोम4 या मॉडेलवर होता. ते विचारतं, ही हवा कायम राहिली तर अखेर इथे कुठल्या प्रकारचं जंगल असेल? 2011चा आयबीआयएसवर, त्यात झाडं वाढतात, मरतात, माती आणि पाणी बदलतं, म्हणजे जंगलाला वेळ लागतो हे त्याला कळतं. प्रश्न वेगळे, उत्तरं वेगळी. दोन्हीत, हवेत कार्बन जास्त सोडला जाईल असं धरणाऱ्या ए2 मार्गावर बदल जास्त, कमी सोडला जाईल असं धरणाऱ्या बी2वर कमी (2006मध्ये 77 आणि 68 टक्के, 2011मध्ये 39 आणि 34). दिशा दोन्हीकडे एकच आहे, ते तुमच्या कॉमेंटमध्ये आलं नाही.

वाटेवरच्या नोंदी, वणवे, गुरं. हो, माहीत आहे. सगळ्या जगात नोंदी वाटेवरच्याच असतात, त्यावर उपाय आहेत, ते पुन्हा कधीतरी. वणव्याचं प्रकरण मोठं आहे, कॉमेंटच्या अर्ध्या ओळीत बसणारं नाही. धुक्याचं माझ्याकडे मोजमाप नाही. तुमच्याकडे असेल तर द्या.

हे टोमणा म्हणून म्हणत नाही (थोडं आहे). शहरातल्या एका हर्बेरियमात, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, मी जुन्या शीट बघत बसतो. झाड सुंदर दाबलेलं असतं, शाई शाबूत असते, आणि जागेच्या रकान्यात फक्त 'खंडाळा'. खंडाळ्यात कुठे? घाटाच्या तोंडाशी की नागफणीवर? असल्या नोंदी मला टाकून द्याव्या लागतात, जीव तुटतो. तुम्ही म्हणता तसं खरंच वर्षानुवर्षं फिरला असाल, तर कारवीच्या तुमच्या नोंदी पाठवा. वाटेपासून लांबच्या असतील तर उत्तमच. जीपीएसची जागा, उंची आणि फुललेलं वर्ष हवं. 'कळसूबाई परिसर' एवढंच लिहून पाठवलंत तर वापरता येणार नाही. आणि पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहिलंत तर बरं, मी लिहितो तसं.