जागा म्हणजे नुसता स्क्वेअर फूट? मग जाहिरातीत स्टेशन कशाला लिहिता?

एक फॉरवर्ड सध्या सगळ्याच ग्रुपवर फिरतोय. सारांश असा: भूगोल म्हणजे नद्या, डोंगर, नकाशे, जागा म्हणजे स्क्वेअर फूट, त्यात विचार कसला करायचा, खऱ्या तत्त्वज्ञांनी भूगोलाकडे कधी ढुंकूनही बघितलं नाही, हे सगळं १९७० नंतरच्या डाव्या प्रोफेसरांचं इम्पोर्टेड खूळ, आणि ‘शहरावरचा हक्क’ म्हणजे फुकट घर मागायची गोड भाषा. लाईक भरपूर पडलेत म्हणून लिहितोय.

ढुंकूनही बघितलं नाही म्हणे. अहो, कांट! एवढा मोठा जर्मन तत्त्वज्ञ, आणि कोनिग्सबर्ग या आपल्या गावच्या विद्यापीठात या माणसाने १७५६ ते १७९६, तब्बल ४० वर्षं, भूगोल शिकवला आणि स्वतः त्या गावापासून फार लांब कधी गेलाच नाही. (त्या लेक्चरांत इतर वंशांबद्दल जे आहे ते आज वाचवत नाही, पण म्हणून तो भूगोल शिकवत नव्हता असं होत नाही.)

‘डाव्यांचं खूळ’ हेही चूक. रात्सेल हा जर्मन भूगोलतज्ज्ञ १९०४ मध्ये वारला, त्याचं म्हणणं राज्य हे जिवंत प्राण्यासारखं असतं, वाढायला त्याला जागा लागते, आणि हीच ‘लेबेन्सराउम’ची (जगायला लागणाऱ्या जागेची) कल्पना पुढे नाझींनी पूर्व युरोप गिळायला वापरली. यात डावं काय आहे? तत्त्वज्ञान भूगोलात शिरलं की नेहमी भलंच होतं असं कोणी म्हणतही नाहीये.

आता स्क्वेअर फूट. जागा म्हणजे एक रिकामा डबा, आत काहीही ठेवा, डब्याला फरक पडत नाही, हा साधारण न्यूटनचा विचार. त्याच काळातला जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ म्हणाला तसं नाही, जागा म्हणजे वस्तूंचे एकमेकांशी असलेले संबंध, आणि १७१५-१६ मध्ये न्यूटनच्या बाजूने लढणाऱ्या क्लार्कशी त्याचा पत्रांतून यावरच वाद झाला. म्हणजे फॉरवर्डवाले ज्याला कॉमन सेन्स म्हणतायत तीसुद्धा एक फिलॉसॉफीच आहे, फक्त त्यांना माहीत नाही. आणि गंमत बघा, फ्लॅट विकायची वेळ आली की हेच लोक ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं ठळक छापतात, तेव्हा लगेच सगळे लायब्निझ! डेव्हिड हार्वे या भूगोलतज्ज्ञाने १९७३ मध्ये हाच धागा पकडून शहरातल्या जमिनीच्या भावाबद्दल लिहिलं.

आणि कोणता विचार मान्य करायचा यावर मुंबईत किती जमीन कोणाची होते ते बघायचं असेल तर गिरणगाव बघा. १९९१ च्या नियमात गिरणीची जमीन डेव्हलप करायची तर ढोबळमानाने एक वाटा पालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली की ही वाटणी फक्त जी जमीन आधीच मोकळी आहे तिचीच, शेड पाडून मोकळी होणारी धरायची नाही. आता गिरणीच्या आवारात आधीच मोकळं असं असणार किती? हायकोर्टाने २००५ मध्ये दुरुस्तीच्या विरोधात निकाल दिला, सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये तो फिरवला, आणि मग परळ-लोअर परळला टॉवर आणि मॉल उभे राहिले. मोकळं कशाला म्हणायचं हा प्रश्न म्हणे फालतू!

राहिला शहरावरचा हक्क. आंरी लफेव्र या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९६८ मध्ये मांडला तो मुद्दा फुकट घराचा नव्हताच, शहर कसं घडायचं हे ठरवण्यात तिथे राहणाऱ्यांचा वाटा असावा हा होता. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात तर फूटपाथवर राहणारे मुंबईकर सुप्रीम कोर्टात गेले, कोर्टाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, पण झोपड्या हटवायला मनाई काही केली नाही. कुठे आलं फुकट घर?

‘इम्पोर्टेड’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, जागेवर हक्क कोणाचा हा प्रश्न इथे लफेव्रच्या आधीच लढला गेलाय: सार्वजनिक पाणवठे, विहिरी अस्पृश्यांना खुले करा हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये पास झाला, महाड नगरपालिकेने पुढे चवदार तळं खुलंही केलं, कागदावर. पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोक घेऊन तिथे जावं लागलं, लफेव्र तेव्हा पंचविशीत होता. मग महाड पालिकेने तळं खुलं करायचा आपला ठराव मागे घेतला, मामला कोर्टात गेला, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.