ऐनुन नजीब यांना पद नको, कागद खुले हवेत

३१ जानेवारी २०२२ रोजी बालिकपापान इथे नहदलतुल उलामा या इंडोनेशियातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनेचा समारंभ होता. तिथे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी व्यासपीठावरून एका तंत्रज्ञाचे नाव घेतले. ऐनुन नजीब सिंगापूरमध्ये मोठ्या पगारावर काम करतात, संघटनेने त्यांना मायदेशी बोलावून घ्यावे, अशी गळ त्यांनी घातली. त्यामागची आपुलकी खरी होती, पण मला ती सूचना तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही. हुशार संगणक अभियंता दिसला की त्याला सरकारात आणावे, ही कल्पना आपल्याकडेही इतकी रुळली आहे की तिच्याविरुद्ध थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

नजीब पूर्व जावातल्या ग्रेसिकचे. सिंगापूरच्या नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठात शिकले, तिथेच नोकरीला लागले आणि पुढे ग्रॅब या टॅक्सी आणि जेवण पोहोचवणाऱ्या कंपनीत माहितीच्या विश्लेषणाची मोठी जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते मात्र जुलै २०१४ मधल्या एका कामामुळे, आणि ते काम त्यांच्या नोकरीचा भाग नव्हते.

त्या वर्षी ९ जुलैला राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झाले. विडोडो विरुद्ध प्राबोवो सुबियांतो, अशी सरळ लढत. संध्याकाळपर्यंत दोघांनीही विजय जाहीर केला. बहुतेक संस्थांचे तातडीचे अंदाज विडोडोंच्या बाजूने होते, काहींचे प्राबोवोंच्या. अधिकृत निकाल २२ जुलैला लागणार होता. म्हणजे सुमारे दोन आठवडे देशात दोन विजयी उमेदवार असणार होते. सुहार्तोंची सत्ता कोसळली तेव्हाची १९९८ ची उलथापालथ ज्यांनी पाहिली होती, त्यांना ही कोंडी किती धोक्याची आहे हे सांगावे लागत नव्हते.

इथे इंडोनेशियातल्या मोजणीची पद्धत नीट पाहायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. मतदान संपले की त्याच केंद्रावर, लोकांच्या देखत मोजणी सुरू होते. कर्मचारी एकेक मतपत्रिका उलगडून वर धरतो. मतदाराने खिळ्याने पाडलेले भोक कोणत्या उमेदवाराच्या चौकटीत आहे ते जमलेल्यांना दिसते, तो नाव मोठ्याने वाचतो आणि दुसरा माणूस भिंतीवरच्या मोठ्या कागदावर रेघ ओढतो. पाच रेघांचा एक गठ्ठा. शेवटी बेरीज सी-१ नावाच्या पत्रकात भरली जाते आणि उमेदवारांचे साक्षीदार त्यावर सह्या करतात. इथपर्यंतचा व्यवहार उघड्यावर चालतो. पुढे ती बेरीज गाव, तालुका, जिल्हा, प्रांत असे टप्पे चढत जकार्ताला पोहोचते, आणि आकडे बदलण्याची भीती असते ती या चढणीवर.

२०१४ मध्ये निवडणूक आयोगाने, म्हणजे केपीयूने, हुस्नी कामिल मानिक यांच्या अध्यक्षतेखाली सी-१ पत्रकांची स्कॅन केलेली चित्रे संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली केली. केंद्रे होती ४ लाख ७८ हजारांहून अधिक. हाताने लिहिलेल्या आकड्यांची ती चित्रे होती. त्यांची बेरीज करून देणारी कोणतीही सोय सोबत नव्हती. नजीब आणि परदेशात काम करणाऱ्या त्यांच्या काही मित्रांनी ही उणीव हेरली. गूगलमधले इंडोनेशियन अभियंतेही त्यांत होते. स्वयंसेवकाला एक चित्र दाखवायचे आणि त्याने चारच आकडे टंकायचे, एवढीच त्यांची प्रणाली होती: पहिल्या उमेदवाराची मते, दुसऱ्याची मते, वैध आणि अवैध. पहिल्या दोहोंची बेरीज तिसऱ्याशी जुळली नाही, तर पत्रक संशयास्पद. स्वयंसेवक ओळखीतून ओळखीत, फेसबुकच्या बंद गटातून जमवले गेले आणि त्यांची संख्या सुमारे ७०० वर गेली. बेरीज मात्र कोणालाही पाहता येत होती आणि तिच्यावर टिचकी मारत खाली उतरले, की थेट एखाद्या गावातल्या केंद्राच्या पत्रकापर्यंत पोहोचता येत होते. संकेतस्थळ बंद पाडण्यासाठी हल्ले झाले, तरी ते चालू राहिले. त्याचे नाव कावाल पमिलू, म्हणजे निवडणुकीवर पहारा.

२२ जुलैला अधिकृत निकाल आला: विडोडो ५३.१५ टक्के, प्राबोवो ४६.८५ टक्के. स्वयंसेवकांची बेरीज त्याला अगदी लागून होती. प्राबोवो घटना न्यायालयात गेले, २१ ऑगस्टला त्यांचा दावा फेटाळला गेला. तोपर्यंत ज्याला शंका होती त्याला आपल्या गावचे पत्रक उघडून पाहण्याची सोय होती, आणि माझ्या मते त्या दोन आठवड्यांत लोकांना सर्वांत जास्त उपयोग झाला तो या सोयीचा.

मी आकडेवारीच्या प्रणालींवर पोट भरणारा माणूस आहे, म्हणून मला यातल्या कारागिरीचे मोल विशेष वाटते. हजारो ठिकाणांहून येणारी कमीअधिक भरवशाची माहिती गोळा करणे, चूक कुठे होईल याचा आधी अंदाज बांधणे, आडव्याउभ्या बेरजा लावून ती पकडणे, हीच विद्या टॅक्सी आणि जेवण पोहोचवणाऱ्या कंपन्यांत रोज वापरली जाते. पण कंपनीत त्या विद्येला वाढीचे उद्दिष्ट जोडलेले असते. कावाल पमिलूला असे कोणतेही उद्दिष्ट नव्हते. प्रश्न एकच होता, त्याचे उत्तर कोणालाही तपासता येत होते आणि उत्तर मिळाले की काम संपत होते. सार्वजनिक जीवनात तंत्रज्ञाने घालावी अशी भर मला इथे दिसते.

दुसरा मार्गही इंडोनेशियाने अनुभवला आहे. नदीम मकारिम यांनी २०१० मध्ये वीस मोटारसायकलस्वार आणि एक कॉल सेंटर घेऊन गोजेक ही मोटारसायकल टॅक्सीची सेवा सुरू केली, २०१५ मध्ये ॲप आले आणि जकार्ताच्या रस्त्यांवर हिरवी जाकिटे दिसू लागली. (या कंपनीने २०१६ मध्ये पुण्याची लेफ्टशिफ्ट विकत घेतली होती, त्यामुळे त्या जाकिटांमागच्या तंत्रज्ञानात मराठी अभियंत्यांच्या कामाचाही वाटा असणार.) ऑक्टोबर २०१९ मध्ये मकारिम थेट शिक्षणमंत्री झाले आणि पाच वर्षे त्या खात्यात राहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये शाळांसाठीच्या क्रोमबुक लॅपटॉपच्या खरेदीवरून त्यांना अटक झाली. आरोप त्यांनी नाकारले आहेत, आणि दोषी कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. त्यावर मी मत देणार नाही. माझा मुद्दा त्या खटल्याच्या अलीकडचा आहे. मंत्रालयात गेलेल्या उद्योजकाच्या हाती खरेदी, कंत्राटे आणि देशभराचा कार्यक्रम येतो. तिथे एक निर्णय चुकला की तो हजारो शाळांत एकदम चुकतो, आणि बाहेरच्या माणसाने तो तपासायचा कसा, याची सोय बहुधा नसते.

तपासाची सोय असेल तर सरकारी प्रणाली चुकली तरी निभावते, हे १४ फेब्रुवारी २०२४ च्या निवडणुकीत दिसले. आयोगाचे सिरेकाप हे ॲप पत्रकाच्या छायाचित्रातून आकडे आपोआप वाचत होते आणि अनेक ठिकाणी ते चुकीचे वाचत होते, त्यामुळे काही केंद्रांवर मतदारांहून अधिक मते दिसू लागली. संशय इतका वाढला की मार्चच्या सुरुवातीला आयोगाने बेरजेचा आलेख दाखवणे थांबवले. त्या चुका लोकांच्या नजरेस आल्या, कारण आकड्याशेजारी मूळ पत्रकाचे छायाचित्र होते. कावाल पमिलूचे स्वयंसेवक त्याही वेळी पत्रके वाचत बसले होते.

आपल्याकडे मतदान केंद्रावर किती मते पडली याची नोंद असलेला १७ सी नावाचा नमुना भरला जातो आणि त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळते. सामान्य मतदाराला मात्र तो संकेतस्थळावर पाहता येत नाही. २०२४ मध्ये यावरून याचिका सर्वोच्च न्यायालयात होती, निवडणूक चालू असताना अंतरिम आदेश द्यायला न्यायालयाने नकार दिला. डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने मतदान यंत्रावरच्या निकालाबद्दल शंका घेऊन आपल्यापुरते मतपत्रिकेवर फेरमतदान घ्यायचे ठरवले आणि पोलिसांनी ते होऊ दिले नाही. त्या गावाची शंका बरोबर होती की चूक, हा वेगळा वाद आहे. पडताळणीचा दुसरा रस्ता हाताशी नसला, की माणसे असा मार्ग शोधतात.

पुन्हा नजीब यांच्याकडे वळतो. मार्च २०२० मध्ये इंडोनेशियात कोविडचे पहिले रुग्ण जाहीर झाले, तेव्हा ते आणि त्यांचे सहकारी पुन्हा स्वयंसेवक म्हणून पुढे आले आणि कावाल कोविड-१९ उभे राहिले. प्रांतांचे आकडे आणि जकार्तातल्या मंत्रालयाचे आकडे यांत तफावत आहे, हे सरकारच्या पगारावर नसलेल्या माणसांना सांगता आले. तेच नजीब मंत्रालयात सल्लागार असते, तर ही तफावत आधी बैठकीत मांडावी लागली असती आणि बाहेर येता येता कदाचित गुळगुळीत झाली असती.

सिंगापूरच्या ज्या पगाराचा उल्लेख विडोडोंनी केला, त्याच पगारामुळे या माणसाला कोणाच्या मेहेरबानीवर राहावे लागले नाही. त्यांना बोलावून घेण्यापेक्षा सरकारने प्रत्येक केंद्राचे पत्रक सुवाच्य चित्रासह त्याच रात्री प्रसिद्ध करावे, आणि आरोग्य खात्याने जिल्हावार मृत्यूंचे आकडे रोजच्या रोज द्यावेत. पत्रके वाचायला बसणारी माणसे देशात आणि परदेशात आधीच तयार आहेत.