गोल्फ खेळा, मोक्ष मिळवा?

एका नामांकित गुरूंच्या नावाने फिरणारा फॉरवर्ड चेंबूरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन धडकला. म्हणणं असं: गोल्फ म्हणजे ध्यानच, विवेकानंदांनीही मैदानाला गीतेपेक्षा वर ठेवलं, स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी शिक्कामोर्तब केलं, टायगर वुड्स हे जिवंत उदाहरण. शिवाय या खेळात अहंकार गळून पडतो.

आधी विवेकानंद, कारण त्या नावापाशी लोक हात जोडून थांबतात. गीतेच्या अभ्यासापेक्षा फुटबॉलने स्वर्गाच्या जवळ जाल, असं ते १८९७ साली मद्रासच्या भाषणात म्हणाले, हे खरं. पण मागचंपुढचं सोयीस्कर गाळलंय. त्याआधी ते म्हणतात, तरुणांनी आधी बलवान व्हावं, धर्म मागाहून येईल. आणि नंतर म्हणतात, दंड जरा बळकट झाले की गीता जास्त चांगली कळेल. पोरांना अंगात ताकद आणा म्हणून बजावणाऱ्या माणसाच्या तोंडी या मंडळींनी गोल्फची जाहिरात घातली.

स्वीडनचा अभ्यास खोटा नाही. कॅरोलिन्स्का संस्थेने २००८ साली ३ लाख गोल्फपटूंच्या नोंदी तपासल्या. मृत्युदर ४० टक्क्यांनी कमी दिसला, म्हणजे साधारण ५ वर्षं जास्त आयुष्य. मात्र ४-५ तास उन्हावाऱ्यात ६-७ किलोमीटर चालू शकणारा माणूस मुळातच धडधाकट असतो. इतर कारणंही असू शकतात, हे संशोधकच सांगतात. त्यांनी मृत्यू मोजले, आत्मज्ञान नाही. आणि चालायचंच असेल तर आपलं डायमंड गार्डन आहे की.

वुड्सचं उदाहरण तर उलटंच पडतं. आई थायलंडची, लहानपणापासून बौद्ध संस्कार. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याने विवाहबाह्य संबंधांबद्दल टीव्हीवर जाहीर माफी मागितली आणि त्या शिकवणुकीपासून आपण भरकटलो, अशी कबुली दिली. तेव्हा तो जगात पहिल्या क्रमांकावर होता!

हा धंदा जुनाच. अमेरिकेतले अध्यात्मगुरू दीपक चोप्रा यांनी २००३ मध्येच गोल्फमधून आत्मज्ञानाचे सात धडे पुस्तकात घालून विकले. त्याआधी १९९८ साली क्वांटम भौतिकीच्या त्यांच्या ‘अनोख्या’ अर्थासाठी त्यांना इग नोबेल, म्हणजे थट्टेचं नोबेल, मिळालं होतं.

राहिला अहंकार. १४ काठ्यांची बॅग खांद्यावर घेऊन कॅडी, म्हणजे गोल्फपटूचं सामान वाहणारा मदतनीस, तेवढंच चालतो, तेवढाच गप्प राहतो, आणि चेंडू कुठे पडला हे साहेबांच्या आधी त्याला दिसतं. या हिशेबाने पहिला ज्ञानी तोच व्हायला हवा. दिल्लीचा अली शेर असाच कॅडी होता. १९९१ मध्ये त्याने इंडियन ओपन जिंकली, ती खेळाच्या जोरावर. त्याला कोणी गुरू केल्याचं ऐकिवात नाही. फॉरवर्डसोबत आलेल्या निवासी शिबिराच्या पत्रकात कॅडीचा उल्लेख एकदाच आहे: त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतील.