"निगेटिव्ह म्हणजे विषय संपला" म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता कॅन्सरच्या जीन टेस्टचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की विषय संपला, पुन्हा टेस्ट करा सांगणं म्हणजे खेड्यातल्या माणसाला घाबरवून लॅबवाल्यांचं पोट भरणं. पैशाचं तुमचं बरोबर आहे, कापसाचा पैसा घरात किती दिवस टिकतो ते मीही पाहते. आणि सगळ्यांनीच टेस्ट करा असं मी कुठं म्हटलं, शंभरातले पाच-दहा कॅन्सरच घराण्यातून येतात.

पण माझ्या आत्याचं ऐका. चाळिशीत स्तनाचा कॅन्सर, बीआरसीए टेस्ट (घराण्यातून येणाऱ्या स्तन-अंडाशयाच्या कॅन्सरच्या जीनची तपासणी) निगेटिव्ह, आम्ही निश्चिंत. मग नागपूरच्या दवाखान्यातल्या मॅडमनी घराण्यात कोण कशानं गेलं ते लिहून आणायला सांगितलं. मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलं, आजीपुढे "पोटात पाणी झालं", चुलत आजीपुढेही तेच, कारण घरात कॅन्सर हा शब्द कोणी काढलाच नव्हता. मॅडमचं बोट तिथंच थांबलं, म्हणाल्या हे अंडाशयाचं असू शकतं, पुन्हा तपासू.

आता पहिल्या टेस्टला का नाही दिसलं? समजा जीन म्हणजे पोथी, आणि तिच्या दोन प्रती आहेत, एक आईकडची एक बापाकडची. मशीन दोन्हीच्या दीडेकशे अक्षरांच्या चिठ्ठ्या करून, एकत्र कालवून वाचतं. बापाच्या पोथीतली दोन पानं मुळातच गायब असली तरी आईच्या पोथीत ती आहेतच, मग वाचणाऱ्याला चूक दिसणार कुठून? अक्षर चुकलंच नाही ना, पान गेलंय. चिठ्ठ्या मोजल्या तरच कळतं की इथं निम्म्याच आहेत. पानाच्या किती प्रती आहेत ते मोजणारी वेगळी टेस्ट म्हणजे एमएलपीए, आत्याचं त्यातच सापडलं. बीआरसीए१ जीन १९९४ मध्ये सापडला, त्यात सारखेसारखे तुकडे इतके भरलेत की मधला भाग गळून पडणं तिथं सहज होतं. आतड्याच्या कॅन्सरमधल्या पीएमएस२ जीनचं आणखी वेगळं, त्याच्यासारखाच दिसणारा बिनकामाचा तुकडा त्याच क्रोमोसोमवर बसलाय, वाचताना गल्लत होते.

आणि हो, हे बापाकडूनही येतं बाप्पा! दवाखान्यात आई-मावशीचंच विचारतात, आत्याचं राहून जातं.

तुम्ही लिहिलंय तुमच्या आईला आणि मावशीला दोघींनाही पन्नाशीच्या आत झालं, म्हणून एवढं लांब लिहितेय. आईचा रिपोर्ट काढा, त्यात डिलीशन-डुप्लिकेशन (म्हणजे पान गायब किंवा दुबार) तपासलं असं लिहिलंय का पाहा. बऱ्याच नव्या टेस्टमध्ये ते असतं, मग वेगळा खर्च नाही. नसलं तर डॉक्टरांना तेवढंच विचारा. तुमची स्वतःची टेस्ट आत्ताच करू नका, आईचं काय ते आधी कळू द्या, नाहीतर तुमच्या निगेटिव्हचा अर्थच लागणार नाही.