रिमांडच्या वेळी खरी परीक्षा

दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व न्यायदंडाधिकारी (प्रथम वर्ग) या पदाच्या परीक्षेवरील तुमच्या लेखात परीक्षेची माहिती नेमकेपणाने आली आहे, मात्र प्रत्यक्ष कामाविषयी फार थोडे लिहिले आहे. अटक केलेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. तेव्हा, म्हणजे रिमांडच्या वेळी, कोठडी मागणारा पोलिसांचा अर्ज वाचून, आरोपीला मारहाण झाली का हे त्यालाच विचारून, कोठडी खरोखर आवश्यक आहे का हे ठरवणे हे या पदाचे सर्वांत जोखमीचे काम आहे, असे मुंबईतील न्यायालयांत वकिली करताना मला सतत जाणवते. शिक्षेचा अधिकार तीन वर्षांपर्यंतचाच असला, तरी एखाद्याचे स्वातंत्र्य प्रथम याच टेबलावर तोलले जाते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली, हे मला योग्य वाटते. घाबरलेल्या आरोपीचे मौन ओळखणे (हे मी स्वतः फार उशिरा शिकलो) पुस्तकातून साधत नाही. लेखात एक दुरुस्ती हवी: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात) ‘महानगर दंडाधिकारी’ हा मोठ्या शहरांसाठीचा वेगळा वर्ग उरलेला नाही.