मिठागरातले प्रथिन एका झोतात संपत नाही

आपल्या किनाऱ्यावर सध्या मोबाइलवरून एक मजकूर फिरतो आहे: मिठागराच्या तांबूस पाण्याला रंग देते ते सूक्ष्मजीवांचे प्रकाशग्राही प्रथिन असून ते कॅमेऱ्याच्या फिल्मसारखे एकदाच चालते, आणि प्रकाशाच्या दुसऱ्या झोताला मिळणारा क्षीण प्रतिसाद हा त्याचा पुरावा आहे.

आधी रंगाविषयी. शिरोड्याच्या मिठागरात मीठ धरण्याच्या बेतात आलेले पाणी ओंजळीत घेतले की ते तेलासारखे बोटांवरून घसरते आणि वाळताच कातडीवर पांढरी पूड उरते. अशा पाण्याचा तांबूसपणा मुख्यतः कॅरोटिनॉइड, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या जातीच्या रंगद्रव्यांचा असतो. मजकुरात ज्याविषयी बोलले आहे ते प्रकाशग्राही प्रथिन, बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन, स्वतः जांभळे आहे.

‘एकदाच चालते’ हे विधान तर सपशेल चूक आहे. ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस या शास्त्रज्ञांनी हे प्रथिन 1971 मध्ये ओळखले. प्रकाश पडताच त्यातील रेटिनल हा प्रकाश शोषणारा छोटा रेणू क्षणार्धात वळतो, एक प्रोटॉन (हायड्रोजनचा धनभारित कण) पेशीबाहेर जातो, आतून दुसरा घेतला जातो आणि साधारण 10 मिलिसेकंदांत प्रथिन मूळ स्थितीत येते. आपल्या डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिन या प्रकाशग्राही प्रथिनामधून रेटिनल सुटून जाते. इथे ते जागचे हलत नाही, म्हणून तेच प्रथिन पुन्हा पुन्हा काम करते.

खरा घोळ दुसऱ्या झोताचा आहे, कारण निरीक्षण बरोबर असून अर्थ चुकला आहे. दुसरा झोत 2 मिलिसेकंदांत आला, तर बरेच रेणू अजून मधल्या पिवळ्या अवस्थेत असतात आणि हिरवा-पिवळा प्रकाश फारसा शोषत नाहीत. खाडीवरची होडी पलीकडच्या धक्क्याला असताना अलीकडून कितीही हाका मारल्या, तरी ती परतेपर्यंत थांबावेच लागते. म्हणून कोणी होडी बुडाली असे म्हणत नाही. त्याच अवस्थेवर निळा झोत टाकला, तर चक्र अर्ध्यातून माघारी फिरते आणि प्रोटॉनची वाहतूक वाया जाते. म्हणजे दोन झोतांमधले अंतर आणि झोताचा रंग सांगितल्याशिवाय ‘प्रतिसाद कमी झाला’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही, आणि फिरणाऱ्या मजकुरात यांपैकी एकही गोष्ट दिलेली नाही.

क्लॅमिडोमोनस या हिरव्या शैवालातल्या चॅनेलऱ्होडॉप्सिन या प्रकाशाने उघडणाऱ्या, विद्युतभारित कणांना वाट देणाऱ्या प्रथिनामध्ये मात्र सतत प्रकाशात विद्युतप्रवाह सुरुवातीच्या शिखरावरून खाली येतो आणि लगेच दिलेल्या पुढच्या झोताचे शिखरही लहान असते. पण काही सेकंद अंधार मिळाला की ते शिखर पुन्हा वर येते, आणि निकामी झालेल्या प्रथिनाकडून हे घडणे शक्य नाही.