पाऊस मोजू नका, कोरडे महिने मोजा

दर जूनमध्ये धबधब्याच्या फोटोखाली एक मजकूर फिरू लागतो. शब्द बदलतात, आशय साधारण हाच असतो: "महाबळेश्वर-आंबोलीला केरळच्या दुप्पट पाऊस पडतो, म्हणून सह्याद्रीतली सगळ्यात समृद्ध वर्षावनं आपल्याकडे आहेत. जितका पाऊस, तितके जीव. या पावसानं माती इतकी सुपीक झाली आहे की जंगल तोडलं तरी काही वर्षांत परत येतं. उघडे सडे तेवढे पडीक आहेत, तिथे झाडं लावा."

पाठवणाऱ्यांचं सह्याद्रीवरचं प्रेम खरं असतं, याबद्दल मला शंका नाही. पण शेवटचं वाक्य वाचून लोक खरोखर कुदळी घेऊन सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, जातात. म्हणून एकेक मुद्दा नीट पाहायला हवा.

"जितका पाऊस, तितके जीव."

पावसाचे आकडे बरोबर आहेत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आंबोलीला सात हजारांच्या आसपास. केरळची सरासरी तीन हजारांच्या घरात आहे. पण आपला जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. परतीच्या पावसाच्या काही सरी धरल्या, तरी पुढचे सात-आठ महिने कोरडेच. दक्षिण केरळात मात्र वळवाचा पाऊस लवकर सुरू होतो, मग नैऋत्य मोसमी येतो, आणि तो सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी हजर. खऱ्या अर्थानं कोरडे असे दोन-तीन महिनेच उरतात.

कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ज्या वाडीत श्रावणात कौलांवरून पाण्याची धार तुटत नाही, त्याच वाडीत मे महिन्यात हंडे घेऊन टँकरची वाट पाहावी लागते. झाडालाही तोच मे काढायचा असतो, आणि त्याला टँकर नाही. बारा महिने पानं राखणारं उंच झाड बारा महिने पाणी उडवत असतं. त्यातून वर्षावनातल्या कितीतरी झाडांचं बी वाळलं की मरतं. बाजरीसारखं ते पुढच्या मृगापर्यंत कणगीत ठेवता येत नाही. पडल्यापासून काही आठवड्यांत ओल मिळाली तर रुजलं, नाहीतर गेलं. आठ महिन्यांच्या कोरडीत ही जात टिकणार कशी?

पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतल्या ज्याँ-पिएर पास्काल यांनी १९८०च्या दशकात पश्चिम घाटातल्या, म्हणजे सह्याद्रीतल्या, सदाहरित जंगलांची मांडणी केली, ती याच पायावर. दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना कोरड्या महिन्यांची संख्या वाढत जाते आणि डोंगर चढताना तापमान उतरतं. या दोन गोष्टींवरून कुठे कोणतं जंगल असेल ते बरंचसं सांगता येतं. केरळ-कर्नाटकात तीस-तीस मीटर उंच वाढणारी वृक्षकुळं महाबळेश्वरला पोचत नाहीत. तिथलं जंगल अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचं, बुटकं आणि घट्ट विणीचं. ते कमअस्सल नाही. आठ महिन्यांचा उपास सोसणाऱ्यांचं ते जंगल आहे, आणि मला ते फार आवडतं. पण सगळ्यात जास्त जातींचं जंगल ते नव्हे.

बाहेरची दोन उदाहरणं पुरेत. बोर्निओतल्या लांबिरला पाऊस महाबळेश्वरच्या निम्मा, पण तो वर्षभर वाटून पडतो. तिथे अवघ्या ५२ हेक्टरांत झाडांच्या अकराशेहून जास्त जाती मोजल्या गेल्या आहेत. आणि मेघालयातल्या सोहऱ्याला, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या चेरापुंजीला, अकरा हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पठार मात्र बहुतांश गवताळ, आणि हिवाळ्यात प्यायच्या पाण्याची ओढाताण.

याची उलटी परीक्षा आपल्याच दारात आहे. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे गावी देवराईत रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे. ही झाडं खरी दक्षिणेची. पण तिथलं पाणी उन्हाळ्यातही हटत नाही, आणि देवाच्या धाकानं कुऱ्हाड लागली नाही, म्हणून ती इतक्या उत्तरेला तग धरून आहेत. आकाशातून तोच पाऊस पडतो, फक्त पायाखाली ओल टिकते.

"सह्याद्री सगळा एकच."

मजकुरात हे स्पष्ट लिहिलेलं नसतं, पण गृहीत असतं. उत्तरेचा सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. दक्षिणेचे खडक त्याहून कितीतरी जुने. हिमयुगांत उत्तरेकडचा भाग जास्त कोरडा पडला, तेव्हा ओलीवर जगणाऱ्यांना आसरा मिळाला तो दक्षिण टोकाकडे. नवेंदू पागे आणि कार्तिक शंकर या संशोधकांनी २०२० साली घाटातल्या वृक्ष-झुडपांवर हाच निष्कर्ष मांडला: जिथे हवामान दीर्घकाळ स्थिर राहिलं, तिथे जाती जास्त. २००३ साली जगापुढे आलेला जांभळा बेडूक पाहा. शास्त्रीय नावात 'सह्याद्री' आहे, घर मात्र इडुक्कीच्या डोंगरात, आणि सगळ्यात जवळचे नातलग थेट सेशेल्स बेटांवर. इतका जुना वंश टिकायला नुसता पाऊस पुरत नाही. न मोडलेला काळ लागतो.

"माती सुपीक, जंगल आपोआप परत येतं."

नेमकं उलट. इतका पाऊस मातीतली पोषकद्रव्यं धुऊन नेतो. जंगलाची पुंजी असते ती झाडांच्या अंगात आणि वरच्या कुजत्या पाचोळ्याच्या पातळ थरात. झाडं तोडून नेली की पुंजी गेली. मग ऊन थेट जमिनीवर येतं आणि पुढचा पावसाळा उरलेला थरही ओढ्याला लावतो. काही वर्षांनी हिरवं दिसतं खरं, पण ते बहुधा रानमोडी, घाणेरी आणि कारवीचं.

"सडे पडीक."

यावर मात्र मला राग येतो. सड्यावर झाडं नाहीत, कारण जांभ्यावर माती बोटभर, चार महिने तुडुंब पाणी आणि आठ महिने तापलेला तवा. या विचित्र हवामानातच इथल्या वनस्पती घडल्या आहेत. सीतेची आसवं ही वनस्पती किडे पकडते, कारण त्या मातीत नत्र जवळपास नाहीच. वायतुरा कंदात जीव धरून उन्हाळा काढतो. भारतातल्या कंदीलपुष्पांच्या सर्वाधिक जाती महाराष्ट्रात आहेत, त्याही बहुतेक कड्यांवर, गवतात, सड्यांवर. उंच वृक्षांत दक्षिण पुढे असेल, पण या बुटक्या, कंदवाल्या, चार महिन्यांच्या आयुष्याच्या वनस्पतींत आपला उत्तर सह्याद्री कुणाला हार जाणारा नाही. २०१२ साली जागतिक वारसा यादीत कासचं पठार गेलं, ते तिथे जंगल आहे म्हणून नव्हे.

आंबोलीच्या सड्यावर बेडकासारखा एक छोटा टोड आहे. २००९ साली त्याची शास्त्रात नोंद झाली. पहिल्या सरींनंतर जांभ्याच्या खळग्यांत बोटभर पाणी साचतं, त्यात तो अंडी घालतो. वृक्षारोपणाला गेलेली माणसं तिथे खड्डे खणतात, बाहेरून माती आणून टाकतात, आणि बुजतात ते हेच खळगे.